तो मुखवटा कुणाचा होता?



या अंकात आम्ही गणेशोत्सवाच्या करमणुकीच्या कार्यक्रमासाठी लागणाऱ्या पोशाखांची यादी देणार होतो. ती पुढच्या पानावर आहेच. पण त्या यादीतली एक ओळ आम्ही खोडली आहे. ती का खोडली, हे समितीच्या बैठकीत सांगितले तेव्हा बरीच वादावादी झाली. काहींना ते पटले, काहींना नाही. म्हणून सगळ्यांसमोर मांडतो आहोत. ती ओळ अशी होती: ‘जंगली नाच – मुखवटे १२, गवताचे घागरे १२, काळा रंग.’

गेल्या वर्षी हा नाच आपल्या कार्यक्रमात झाला आणि त्याला टाळ्या भरपूर पडल्या. ‘वन्स मोअर’सुद्धा मिळाला. ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांनी तो भारतात आजी-आजोबांना पाठवला. तो नाच कुणी बसवला याची चर्चा आता नको, कारण सगळ्यात मोठा वाटा आमचाच होता. मुखवटे आम्ही दोघांनी केले. गावच्या लायब्ररीतून मुखवट्यांचे एक पुस्तक आणले, पाने उलटली आणि जो सगळ्यात ‘भारी’ दिसला तो निवडला. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंच केसांचा पट्टा, मोठे दात, रोखून पाहणारे डोळे. सीरियलच्या खोक्यांचा पुठ्ठा, पोस्टर कलर, तुऱ्यासाठी फरशी पुसायच्या मॉपचे दोरे, डोळ्यांना बाटल्यांची हिरवी झाकणे. तीन शनिवार-रविवार आमच्या बेसमेंटमध्ये हा कारखाना चालला होता. चित्राखाली चार ओळींची माहिती छापलेली होती. ती काही आम्ही वाचली नाही.

यंदा बालवर्गातल्या मुलांना घेऊन आम्ही न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलो. तिथले आफ्रिका, प्राचीन अमेरिका आणि ओशनियाच्या कलेचे दालन काही वर्षे दुरुस्तीसाठी बंद होते, ते ३१ मे २०२५ रोजी पुन्हा उघडले आहे. पॅसिफिकच्या भागात न्यू आयर्लंडच्या लाकडी कोरीवकामापाशी आमच्या वर्गातली एक दहा वर्षांची मुलगी थांबली. गेल्या वर्षी तीही नाचली होती. म्हणाली, “काकू, हा तर आपला मास्क!” मग तिने पाटी वाचली. आपली मुले पाट्या वाचतात, आपण वाचत नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “काकू, हे कुणीतरी गेल्यावर घालतात. आपण तर हसवायला घातला होता.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तिला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असे समजा.

आधी थोडी माहिती. फोटोकॉपीत चित्र धड उमटत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो. न्यू आयर्लंड हे पापुआ न्यू गिनी या देशातले एक लांबट, चिंचोळे बेट. न्यू गिनीच्या ईशान्येला बिस्मार्क द्वीपसमूहात ते येते. १८८५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे जर्मनांचे राज्य होते. त्यांनी बेटाचे नावही बदलून ‘नॉय मेक्लेनबुर्ग’ ठेवले होते. पुढे ऑस्ट्रेलियाचा कारभार आला आणि १६ सप्टेंबर १९७५ रोजी पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. या एका देशात आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. आपण त्या सगळ्यांना मिळून ‘जंगली’ हा एक शब्द वापरून मोकळे झालो! ‘मेलानेशिया’ हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. एका फ्रेंच दर्यावर्दीने, द्युमाँ द्युर्व्हील याने, १८३२ च्या सुमारास ते रूढ केले. अर्थ काय, तर ‘काळ्यांची बेटे’. त्याला पहिल्यांदा दिसला तो कातडीचा रंग. आमच्या यादीतही शेवटचा शब्द ‘काळा रंग’ हाच होता, हे लक्षात आल्यावर आम्हाला फार ओशाळल्यासारखे झाले.

न्यू आयर्लंडच्या उत्तर भागात आणि शेजारच्या ताबार बेटांवर ‘मालागान’ नावाची प्रथा आहे. मृतासाठी करायच्या संपूर्ण कार्यालाही मालागान म्हणतात आणि त्या कार्यात मांडायच्या कोरीव वस्तूंनाही मालागान म्हणतात. माणूस गेल्यावर त्याचे दफन वगैरे होते, पण मोठे कार्य लगेच होत नाही. डुकरे, तारो म्हणजे अळकुडीसारखे कंद, शिंपल्यांचे चलन अशी सगळी तयारी जमवायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षे लागतात. अनेकदा एकाच कार्यात अनेक मृतांना निरोप दिला जातो. कोरणारा कुंपणाच्या आड, लोकांच्या नजरेपासून दूर बसून काम करतो. लाकूड वजनाला हलके असते. ते आरपार कोरून त्यात पक्षी, मासे, साप, माणसे एकमेकांत अशी गुंफतात की कोण कुठे संपले आणि कोण कुठे सुरू झाले ते कळत नाही. तांबडा, काळा, पांढरा हे मुख्य रंग. डोळ्यांच्या जागी समुद्री गोगलगाईच्या शंखाचे हिरवट झाकण बसवतात. आमच्या बाटलीच्या झाकणांची जात आम्हाला तेव्हा कळली.

आम्ही नक्कल केली त्या मुखवट्याचे नाव ‘तातानुआ’. डोक्यावरचा तो तुरा म्हणजे सुतकातल्या पुरुषांची पूर्वीची केशरचना. बाजूचे केस काढून मधला पट्टा ठेवायचा. दुःख पाळणाऱ्या माणसाचे डोके आहे ते. मृतांसाठीच्या कार्यात पुरुष हे मुखवटे घालून नाचतात, आणि त्यापूर्वी त्यांना काही पथ्ये पाळावी लागतात. आमच्या नाचाच्या आधीचे पथ्य एवढेच होते की मुलांनी पिझ्झा खाऊन घ्यायचा.

आता क्षणभर उलटे चित्र डोळ्यांपुढे आणा. दूरच्या एखाद्या देशात, कुणा दुसऱ्यांच्या वार्षिक संमेलनात, त्यांच्या मुलांनी धोतर नेसून, डोक्याचा गोटा करून, पिंड मांडून, कावळ्याला बोलावण्याचा विनोदी नाच केला. प्रेक्षक खो खो हसले आणि ‘वन्स मोअर’ म्हणाले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्यांना फक्त ते चित्र ‘भारी’ वाटले होते. आपल्याला कसे वाटेल?

हे आम्ही उगाच ताणून सांगत नाही. आमच्यापैकी एकाचे वडील गेले तेव्हा रात्री दोन वाजता फोन आला. तिकीट मिळून, दोन विमाने बदलून, मुंबईहून गाडीने घरी पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. कावळा लगेच शिवला म्हणून सांगितले. ते ऐकून बरे वाटले, पण पाहायला आपण नव्हतो ही सल राहिली. पुढल्या वर्षी वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा कुठे मन जरा शांत झाले. या अंकाच्या वाचकांत असे घर क्वचितच असेल की ज्यांनी हे भोगलेले नाही. म्हणून मालागानबद्दल वाचताना आम्ही एका गोष्टीपाशी अडलो. त्यांच्याकडे निरोपाचे कार्य उशिरा होणे हा कमीपणा मानत नाहीत. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत मृत माणूस, आणि त्याच्याबरोबर जिवंत माणसेही, थांबून राहतात. मग एक दिवस सगळे जमतात, देणी-घेणी फिटतात, सुतकाचे निर्बंध उठतात आणि गेलेल्याला खऱ्या अर्थाने जाऊ देतात. परदेशात राहून आईवडिलांना दुरून निरोप देणाऱ्या आपल्यासारख्यांना या लोकांकडून समजून घेण्यासारखे खूप आहे. आणि आम्ही त्यांचे सुतक पुठ्ठ्यावर रंगवून नाचवले!

दुसरी गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. एवढ्या मेहनतीने कोरलेले हे मालागान कार्यात थोडाच वेळ मांडतात. काम झाले की ते जाळतात, किंवा रानात कुजायला सोडून देतात. वस्तू गेली तरी आकृती जात नाही. कोणती आकृती कोणी कोरवून घ्यायची याचा हक्क ठरलेला असतो. तो कार्याच्या वेळी सर्वांसमक्ष, रीतसर मोबदला देऊन एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि पुढच्या वेळी आठवणीतून नवे लाकूड कोरले जाते. आपल्याकडे पूर्वी गवयांच्या घराण्यात एखादी खास बंदिश कुणाला द्यायची, कुणी गायची याचे नियम असत, तसेच हे. आणि दरवर्षी शाडूची मूर्ती आणून, तिची मनोभावे पूजा करून, तिचे विसर्जन करणाऱ्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन्ही चालींचा अर्थ एकच आहे असा आमचा दावा नाही. त्यांचे ते मृतांचे कार्य, आपले हे देवाचे. पण ‘एवढे सुंदर केलेले पाण्यात का सोडता?’ असे ऑफिसातल्या लोकांनी विचारले की आपण किती कळकळीने समजावतो! ती कळकळ दुसऱ्याच्या बाबतीत आपण दाखवत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्याच दालनात आस्मात लोकांचे ‘बिस’ खांब उभे आहेत. आस्मात हे न्यू गिनीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे लोक. तो भाग आज इंडोनेशियात आहे. एकेक खांब अख्ख्या झाडाचा. झाड उलटे करून त्यावर पूर्वजांच्या आकृती एकावर एक कोरलेल्या, आणि झाडाच्या एका रुंद मुळाचा वर पंखासारखा काढलेला भाग. पूर्वी या खांबांचा संबंध वैरातून झालेल्या मृत्यूंशी आणि त्यांचा सूड घेण्याशी होता. तो लपवायचे कारण नाही. आपल्याही इतिहासात सुडाच्या कथा कमी नाहीत. विधी झाला की हे खांब साबुदाण्याच्या पाम वृक्षांच्या राईत नेऊन टाकत. तिथे ते कुजत आणि त्यांची शक्ती त्या झाडांना मिळते अशी श्रद्धा होती. साबुदाणा हे त्यांचे मुख्य अन्न. खिचडीचा उपास करणाऱ्यांनी निदान हे तरी लक्षात ठेवावे.

हे खांब मायकेल रॉकफेलर याने १९६१ मध्ये गोळा केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो तिथल्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झाला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे नेल्सन रॉकफेलर यांनी, न्यू यॉर्कमध्ये जे संग्रहालय काढले होते त्याचे नाव होते ‘म्युझियम ऑफ प्रिमिटिव्ह आर्ट’. ते १९५७ मध्ये लोकांसाठी उघडले. पुढे तो संग्रह मेट्रोपॉलिटनकडे आला आणि १९८२ मध्ये मुलाच्या नावाचे हे दालन सुरू झाले. ‘प्रिमिटिव्ह’ म्हणजे आदिम, मागासलेले. तो शब्द आता दालनावर नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या संग्रहालयाने टाकून दिलेला शब्द आपण मराठीत ‘जंगली’ करून रंगमंचावर आणला, हे काही शोभले नाही.

मग या वस्तू इथे असाव्यात की नसाव्यात? याचे एका वाक्यात उत्तर देणारे आम्हाला फारसे पटत नाहीत. मालागानचे बरेच नमुने तिथल्या लोकांनी स्वतः विकले. नाहीतरी ते टाकूनच द्यायचे होते. परक्याला देणे ही टाकण्याचीच एक रीत झाली. पण विकणारा एका बाजूला आणि बंदुका, मळे व कर घेऊन आलेले सरकार दुसऱ्या बाजूला, अशा व्यवहाराला बरोबरीचा सौदा कसे म्हणायचे? आपल्याला हे कळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी एकमेकांना फोन केले होते! ती खरोखर महाराजांचीच का, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. तरी काचेच्या पेटीतल्या त्या लोखंडाच्या मागे आपली माणसे उभी आहेत, असे आपल्याला वाटले. तसे प्रत्येक पेटीच्या मागे कुणाची ना कुणाची माणसे उभी असतात. एवढे लक्षात ठेवून त्या दालनातून फिरले तरी पुष्कळ झाले.

‘ते लोकच आता ख्रिस्ती झालेत, त्यांनाही याचे काही वाटत नाही,’ असे बैठकीत एकाने सांगितले. हे अर्धसत्य आहे. पापुआ न्यू गिनीची बहुसंख्य जनता ख्रिस्ती आहे हे खरे. तिथल्या संसद भवनाचा दर्शनी भाग सेपिक प्रदेशातल्या पारंपरिक सभागृहांच्या धर्तीवर बांधलेला आहे. ते १९८४ मध्ये उघडले. २०१३ मध्ये सभापतींनी दारावरचे कोरीव लाकडी मुखवटे ‘अधार्मिक मूर्ती’ म्हणून काढून टाकायला लावले. तेव्हा देशभर गदारोळ उठला. पहिले पंतप्रधान सर मायकेल सोमारे यांच्यासारख्यांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये निकाल सभापतींच्या विरुद्ध लागला. म्हणजे त्यांनाही वाटते, खूप वाटते, आणि ते आपसात भांडतातही. आपल्यासारखेच. न्यू आयर्लंडमध्ये मालागानची कार्ये आजही होतात. कुठे लाकडाऐवजी सिमेंट आले आहे इतकेच.

बैठकीत घेतलेला दुसरा आक्षेप असा: “आपल्या गणपतीला कोण न्यू आयर्लंडहून येणार आहे? मुलांची गंमत आहे, कशाला एवढे मनावर घ्यायचे?” कुणी येणार नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण मुले येणार आहेत, आणि ती आपल्याकडून शिकणार आहेत. जुन्या सभासदांना १९८४ सालचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ हा सिनेमा आठवत असेल. त्यात भारतीय राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढलेला दाखवला होता. त्यानंतर ऑफिसात आणि शाळेत ‘तुम्ही खरंच हे खाता का?’ म्हणून विचारणारे भेटले, तेव्हा आपल्याला किती राग आला होता! ते बनवणाऱ्यांनाही वाटले असेल, इथे कोण भारतीय बसलाय बघायला. शिवाय अंगाला काळा रंग फासून हसवणे याला या देशात काय इतिहास आहे, तो इथे राहून आपल्याला माहीत नाही असे म्हणण्याची सोय नाही. ज्या मुलांच्या डब्यातल्या भाजीचा वास येतो म्हणून वर्गात नाके मुरडली जातात, त्यांनाच आपण दुसऱ्याला हसायला शिकवायचे का?

तिसरा आक्षेप आम्हाला जास्त मोलाचा वाटला. एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, “मग दुसऱ्याचे काहीच करायचे नाही का? असे म्हटले तर मुले कुठल्याच संस्कृतीजवळ जायची नाहीत.” काकूंचे म्हणणे रास्त आहे. जवळ जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही, नाव विचारून जावे असे म्हणतो. मुखवट्यांचाच कार्यक्रम करायचा असेल तर जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याची माहिती मुलांना द्यावी. तिथे देवदानवांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचवतात. पण तेही ‘आदिवासी डान्स’ असे लेबल लावून, पाने गुंडाळून, हुर्र हुर्र करत नव्हे. वारली, कोकणा अशी त्या माणसांची नावे आहेत, सोंगांना क्रम आहे, वाद्ये आहेत. ती चूक आपण न्यू आयर्लंडच्या लोकांबाबत केली तशी आपल्याच ठाणे-पालघरच्या लोकांबाबतही करत आलो आहोत. स्नेहसंमेलनातला ‘आदिवासी नाच’ आपण सगळ्यांनीच शाळेत पाहिलेला आहे, आमच्यापैकी एकीने तर केलेलाही आहे.

तेव्हा आमच्या सूचना अशा. यंदाच्या कार्यक्रमातून ‘जंगली नाच’ वगळावा. त्याची दहा मिनिटे बालवर्गाला द्यावीत. संग्रहालयात पाहिलेल्या एकेका वस्तूबद्दल मुले मराठीत दोन-दोन मिनिटे बोलतील. हसू येणार नाही कदाचित, पण मुले मराठी बोलताना हसण्याचे प्रसंग तसेही कमी नसतात. आणि पुन्हा एकदा संग्रहालयाची सहल काढावी, या वेळी मोठ्यांसाठी. न्यू यॉर्क राज्याच्या रहिवाशांना आणि न्यू यॉर्क, न्यू जर्सी व कनेटिकटच्या विद्यार्थ्यांना तिथे तिकिटाचे पैसे आपल्या इच्छेप्रमाणे देता येतात. बरोबर पत्त्याचा पुरावा किंवा शाळेचे ओळखपत्र ठेवावे. डबे आणा, पण आत खायला परवानगी नाही.

राहिले ते बारा मुखवटे. ते आमच्या बेसमेंटमध्ये एका खोक्यात आहेत. टाकावेत तर मुलांनी तीन आठवडे रंगवलेले, ठेवावेत तर रोज डोळ्यांपुढे. त्या मुलीला विचारले, “काय करू या गं?” ती म्हणाली, “काकू, आधी सगळ्यांना सांगा ना ते कुणाचे होते ते.” म्हणून हे सांगितले. विरोधातली पत्रे आली तर तीही या पानावर छापू. पुढच्या अंकासाठी मजकूर नेहमीप्रमाणे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवावा.

– आपले, पोशाख समिती (बालविभाग)